जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी: चोक ठेवायचा की काढायचा?

मानवतजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घराला लागून वीस बाय तीस फुटांचं पत्र्याचं शेड आहे. त्यात ट्रॅक्टर, चारचाकी आणि हंगामात भाव येईपर्यंत कापूस असतो. छताला चार फुटी ट्यूबच्या चार जुन्या पट्ट्या, त्यातल्या दोन तांब्याच्या चोकच्या आणि दोन इलेक्ट्रॉनिक चोकच्या. दादांनी चार एलईडी ट्यूब आणल्या आणि जुन्या काढून त्याच होल्डरमध्ये बसवल्या. एक व्यवस्थित लागली, एक लुकलुकते, एक लागलीच नाही आणि एक दुसऱ्या दिवशी गेली. दुकानदार म्हणतो बसवण्यात चूक झाली, वायरमन म्हणतो सगळ्या पट्ट्या भंगारात द्या. कोणाचं ऐकावं, आणि व्हिडिओ बघून हे घरी करता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. ज्या पट्ट्या ठेवाल त्या सगळ्यांमधून चोक आणि स्टार्टर काढून टाका आणि फेज-न्यूट्रल थेट ट्यूबच्या होल्डरला न्या. ज्या पट्टीचा पत्रा गंजलाय किंवा होल्डर पिवळे पडून तडकलेत, तिथे जुनं राखत बसू नका, नवी एलईडी बॅटन (पट्टी आणि दिवा एकत्रच असलेलं फिटिंग) लावा. आणि चारही जागी वायरिंग एकाच पद्धतीचं ठेवा. परभणी आणि आसपास गॅरेज, जिनिंग, शेतावरचे आखाडे अशा ठिकाणी मी हे काम करत आलो आहे, आणि या शेवटच्या मुद्द्यावर मी गिऱ्हाइकाशी वाद घालायलाही तयार असतो. का, ते पुढे येईल.

तुमच्या चार ट्यूब चार तऱ्हांनी का वागल्या ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. जुन्या पट्टीत फेज आधी चोकमधून जाते, मग ट्यूबच्या एका टोकाच्या फिलॅमेंटमधून स्टार्टरला, तिथून दुसऱ्या टोकाच्या फिलॅमेंटमधून न्यूट्रलला. स्टार्टर तुटतो त्या क्षणी चोक व्होल्टेजचा जोरदार झटका देतो आणि ट्यूब पेटते. पेटल्यावर ट्यूबमधला वायू मिळेल तितका करंट ओढायला लागतो, त्याला आवर घालायचं कामही चोकच करतो. एलईडी ट्यूबला यातलं काहीच लागत नाही. तिचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणारं सर्किट, तिच्या पोटातच असतो, त्याला फक्त 230 व्होल्ट हवे असतात.

तुम्ही आणलेल्या ट्यूब बहुधा अशा आहेत की ज्यांच्या एका टोकाच्या दोन पिनांना ड्रायव्हर जोडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाच्या दोन पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा ट्यूबसोबत खोक्यात स्टार्टरसारखी दिसणारी एक डबी येते. तिच्यात स्टार्टर नसतो, फ्यूजची तार असते, म्हणजे ती नुसता जोड देते. ही डबी ज्या तांब्याच्या चोकच्या पट्टीत बसवली ती ट्यूब नीट लागली. ज्या पट्टीत जुना स्टार्टर तसाच राहिला तिथे ड्रायव्हरला वीज त्या स्टार्टरमधून तुटक तुटक मिळते, म्हणून ती लुकलुकते. राहिल्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या दोन. हा चोक 50 हर्ट्झच्या विजेचे सेकंदाला हजारो फेरे करून ट्यूबला देतो, शिवाय पेटवताना व्होल्टेजही चढवतो. साध्या एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर त्यासाठी केलेलाच नसतो. एकीत काहीच झालं नाही, दुसरीने एक रात्र सोसलं. म्हणजे दुकानदार म्हणतो ते एवढ्यापुरतं खरं आहे.

तांब्याचा चोक तसाच ठेवला तर काय बिघडतं, असं खूप जण विचारतात. बिलाच्या दृष्टीने फारसं काही नाही. जुनी 40 वॅटची ट्यूब चोकमधून साधारण 0.4 अँपिअर ओढायची आणि चोक स्वतः दहा-बारा वॅट खाऊन तापायचा. 20 वॅटची एलईडी ट्यूब 0.1 अँपिअरच्या आसपास ओढते, त्यामुळे तोच चोक आता एक-दोन वॅटच्या वर खात नाही. तरी मी तो काढायला सांगतो. वीस-पंचवीस वर्षं तापलेल्या चोकच्या गुंडाळीवरचं इन्सुलेशन कडकडीत वाळलेलं असतं आणि तुमच्या शेडात खाली कापूस आहे. कापसावर ठिणगी पडायला एकदाच पुरते. त्यातून उद्या कोणी नवा स्टार्टर किंवा जुनी ट्यूब तिथे लावली की पट्टी पुन्हा जुन्या पद्धतीने तापायला लागते. ज्याला काम उरलं नाही ते फिटिंगमध्ये ठेवू नये.

आता ट्यूबचे प्रकार, कारण वायरिंग त्यावर ठरतं. ट्यूबच्या अंगावर किंवा खोक्यावर एक छोटी आकृती छापलेली असते, ती बघितल्याशिवाय पक्कड हातात घेऊ नका. काही ट्यूबना फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला द्यायचा असतो. काहींना फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांना, तिथे एल आणि एन अशी अक्षरं असतात. आकृती नसेल तर ट्यूब घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

दोन टोकांच्या प्रकारात एक धोका आहे. एक टोक होल्डरमध्ये गेलं आणि दुसरं हातात असेल, तर हातातल्या पिनांवर ट्यूबमधून वीज येऊ शकते. शिडीवर उभं राहून बसलेला झटका हलका असला तरी माणूस खाली पडतो, आणि पडण्याने जास्त लागतं. म्हणून मी एका टोकाच्या ट्यूब पसंत करतो, आणि त्यातही दुसरं टोक नुसतं धरायला असलेल्या. मल्टीमीटर कंटिन्युटीवर (जोड आहे का ते बीप देऊन सांगणाऱ्या खुणेवर) ठेवून मोकळ्या टोकाच्या दोन पिनांना लावा. बीप वाजली तर त्या पिना आतून जोडलेल्या आहेत. थेट वायरिंग केलेल्या पट्टीत अशी ट्यूब उलटी बसली की फेज आणि न्यूट्रल त्या जोडावर आमनेसामने येतात आणि सरळ शॉर्ट होतो. तुमच्या हातातल्या ट्यूब याच जातीच्या दिसतात, तेव्हा ज्या टोकाला वीज आणाल तिथे पट्टीवर परमनंट मार्करने ठळक बाण काढून 'लाईन इकडे' असं लिहा आणि ट्यूबच्या त्या टोकालाही खूण करा.

होल्डरही तपासायचे. स्टार्टरच्या पट्टीचे होल्डर सहसा चालतात, कारण त्यात दोन्ही पिनांचे संपर्क वेगळे असतात. काही इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्ट्यांत मात्र होल्डरला एकच वायर येते आणि आत दोन्ही संपर्क जोडलेले असतात. तिथे एका टोकाची ट्यूब लावायची म्हणून फेज आणि न्यूट्रल दिले की पहिल्याच क्षणी भडका. मल्टीमीटरने बघा, जोड असेल तर होल्डर बदला. दोन-पाच रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

व्हिडिओबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. या विषयावरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले आहेत, आणि तिथे काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल असते, फेज लाल, पिवळी किंवा निळी, आणि हिरवी अर्थिंगची. तो रंग बघून कोणी काळ्या वायरला फेज समजून काम केलं तर काय होईल ते सांगायला नको. तिथलं व्होल्टेजही 120 आहे, आपलं 230. आणि खरं सांगायचं तर आपल्या गावाकडच्या जुन्या वायरिंगमध्ये आपल्या रंगांवरही भरवसा ठेवता येत नाही. माळवदाच्या घरातून शेडापर्यंत लाईन ओढताना हाताशी आलेल्या रंगाची वायर घातलेली असते. टेस्टरने आणि मल्टीमीटरने ठरवा, रंगाने नको.

काम सुरू करण्याआधी वीज बंद करायची, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती इन्व्हर्टरमुळे. मेन स्विच खाली केला, घर अंधारात गेलं असं वाटलं, पण शेडातली लाईन इन्व्हर्टरवर असेल तर ती चालूच राहते. मेन बंद केली की इन्व्हर्टरला उलट वाटतं लाईट गेली आणि तो जागा होतो. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करा, त्याची आउटपुट वायर सोडवा किंवा एमसीबी खाली करा, मग मेन. त्यानंतर होल्डरवर टेस्टर लावून बघा. टेस्टर चालू आहे याची खात्री आधी जिवंत प्लगवर करून घ्या. पट्टीत पॉवर फॅक्टरसाठी गोल डबीसारखा कपॅसिटर असेल तर तो वीज बंद केल्यावरही थोडा वेळ भरलेला राहतो, त्याच्या टोकांना हात लावू नका. तो मल्टीमीटरने बघून रिकामा झाला की काढून टाका.

एक तपासणी मात्र वीज बंद करण्याआधी, मेन चालू असतानाच करायची: बटण फेजवर आहे का ते पाहा. बोर्डावरचं बटण बंद करून पट्टीवर टेस्टर लावा. टेस्टर पेटला तर बटण न्यूट्रलवर आहे. जुन्या वायरिंगमध्ये हे फार दिसतं. जुन्या ट्यूबला त्याचा फरक पडत नव्हता, एलईडीला पडतो. बटण बंद केल्यावरही ट्यूब रात्री मिणमिणत राहते आणि घरातले म्हणतात ट्यूब खराब आहे. बटणावरचा छोटा इंडिकेटर दिवा किंवा शेजारून लांबवर गेलेली दुसरी फेज यानेही असं मिणमिणतं, पण बहुतेक वेळा कारण न्यूट्रलवरचं बटण हेच निघतं. मिणमिणण्यापेक्षा वाईट हे की बटण बंद असताना पट्टीत फेज जिवंत राहते. ती वायर बोर्डातच बदलून घ्या.

पट्टीतलं काम थोडं आहे. चोक, स्टार्टरचा होल्डर आणि त्यांच्या वायरी सोडवून बाहेर. येणारी फेज आणि न्यूट्रल कनेक्टरमध्ये घेऊन तिथून होल्डरपर्यंत तांब्याची नवी वायर. जोड पिळून त्यावर टेप गुंडाळायची पद्धत शेडात चालत नाही. उन्हाने टेपचा डिंक सुटतो आणि वर उंदीर फिरतात. शेडापर्यंत जुनी ॲल्युमिनियमची वायर आली असेल तर तिला तांबं थेट पिळू नका, कनेक्टरमधूनच जोडा, नाहीतर तो जोड आतून खात जातो आणि तापतो. पट्टी लोखंडी असेल तर तिला अर्थिंगची वायर स्क्रूने घट्ट हवी. आणि अर्थिंग नावापुरती नको. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते, चैत्र-वैशाखात तर अर्थिंग असून नसल्यासारखी होते. त्या दिवसांत खड्ड्यात नेमाने पाणी घाला. मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) असेल तर मी जास्त निश्चिंत होतो, पण तो असला म्हणून अर्थिंग सोडून देऊ नये.

पहिल्यांदा वीज सोडताना सिरीज बोर्ड वापरा. पट्टीच्या फेजमध्ये 60 किंवा 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब ओळीने जोडायचा. कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि त्यापलीकडे काही होत नाही. काम बरोबर असेल तर एलईडी ट्यूब लागते आणि बल्ब जेमतेम मिणमिणतो किंवा अंधारातच राहतो. पन्नासेक रुपयांच्या साहित्यात होणारी ही तपासणी ज्या वायरमनकडे नाही, त्याच्या हातात मी शेडाचं काम देणार नाही.

आता चारही पट्ट्या एकसारख्या का. अजून पाच-सात वर्षांनी यातली एक ट्यूब जाईल. तेव्हा तुम्ही घरी असाल असं नाही. पोरगा, सालगडी, कोणीतरी अडगळीतली जुनी ट्यूब शोधून तिथे लावेल. एका टोकाला फेज-न्यूट्रल दिलेल्या पट्टीत जुनी ट्यूब गेली की 230 व्होल्ट थेट तिच्या फिलॅमेंटवर येतात, मध्ये करंट आवरायला चोक नसतो. फिलॅमेंट भडकून जातं, कधी काच तडकते, आणि खाली तोंड वर करून तो उभा असतो. चारपैकी दोन पट्ट्या जुन्या आणि दोन नव्या असतील तर 'तिकडे लागली म्हणजे इकडेही लागेल' असंच कोणालाही वाटणार. म्हणून चारही सारख्या करा, प्रत्येक पट्टीवर 'फक्त एलईडी, चोक काढलेला आहे' असं मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा आणि जुन्या चांगल्या ट्यूब घरात ठेवूच नका.

ट्यूब कोणती घ्यावी याबद्दल मला मार्केपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे उष्णता. मे महिन्यात बाहेर 43-44 अंश असताना पत्र्याखालची हवा त्याहून बरीच तापलेली असते. एलईडीचे दाणे सहसा टिकतात, आधी मरतो तो ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि त्याचं आयुष्य दर दहा अंशांना ढोबळपणे निम्मं होत जातं. पट्टी पत्र्याला चिकटवून ठोकू नका, साखळीने किंवा चपट्या लोखंडाच्या तुकड्यांनी फूट-दीड फूट खाली टांगा. ॲल्युमिनियमची पाठ असलेली ट्यूब पूर्ण प्लास्टिकच्या ट्यूबपेक्षा आपल्याकडे जास्त टिकते.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. संध्याकाळी गावात 170 आणि रात्री मोटारी बंद झाल्या की 260, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सुटला तर त्याहूनही वर जातं. खोक्यावर 140 ते 300 व्होल्ट अशी कक्षा आणि किमान 4 किलोव्होल्टचं सर्ज संरक्षण (व्होल्टेजच्या क्षणिक झटक्यापासून बचाव) लिहिलेलं असावं. सोबत बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. अगदी स्वस्त ट्यूबमध्ये ड्रायव्हरच्या नावाखाली नुसता कपॅसिटर असतो. ती व्होल्टेज पडलं की मंद होते आणि चौकोनी वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर लवकर जाते. तिचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्तही होतो. मोबाईलचा कॅमेरा ट्यूबसमोर धरल्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती ड्रिल मशीन किंवा ग्राइंडरवर लावू नका, फिरणारा भाग थांबल्यासारखा किंवा हळू फिरल्यासारखा दिसू शकतो. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की मात्र कोणत्याही संरक्षणावर विसंबू नका, शेडाची लाईन एमसीबीपासून बंद करा.

उजेड पुरेल का, हा हिशोब सोपा आहे. ट्यूब एकूण किती उजेड देते ते ल्युमेनमध्ये मोजतात, आणि दर चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते लक्समध्ये. 20 वॅटच्या चांगल्या ट्यूबचे 2,000 ल्युमेन धरा. चारचे 8,000. धूळ, भिंती आणि पत्रा यांत निम्मे गेले तर सुमारे 55 चौरस मीटरच्या तुमच्या शेडात सरासरी 70 लक्सच्या आसपास मिळतील. गाडी लावायला, पोती मोजायला एवढं पुरतं. स्क्रू-नट शोधत ट्रॅक्टर दुरुस्त करायचा तर 300 लक्स हवेत, आणि त्यासाठी पूर्ण शेड उजळायची गरज नाही. कामाच्या टेबलावर चार-पाच फूट उंचीवर दोन जादा ट्यूब टांगा, त्यांना वेगळं बटण द्या. एलईडीचा उजेड खालच्या बाजूलाच पडतो, जुन्या ट्यूबसारखा सगळीकडे सांडत नाही, त्यामुळे वरचा पत्रा अंधारा दिसेल. त्याने बिचकू नका.

बचतीचं म्हणाल तर जुनी ट्यूब चोकसकट पन्नास-बावन्न वॅट घ्यायची. दर ट्यूबमागे 32 वॅट वाचले आणि ती रोज पाच तास लागली, तर महिन्याला 4.8 युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर 48 रुपये.

मग वायरमनचं 'पट्ट्या भंगारात द्या' हे म्हणणं? तुमच्या शेडापुरतं मी त्याच्याच बाजूचा आहे. बॅटन दोन-तीनशे रुपयांत मिळते, तिच्यात होल्डर नसतो, त्यामुळे ट्यूब उलटी बसण्याचा किंवा कोणी जुनी ट्यूब लावण्याचा प्रश्नच उरत नाही. जुनी पट्टी साफ करायला वायरमन जी मजुरी घेईल, त्यात बॅटनची निम्मी किंमत निघते. इलेक्ट्रॉनिक चोकच्या दोन पट्ट्या तर काढाच. पण तुमच्याकडे दोन चालू ट्यूब शिल्लक आहेत. तांब्याच्या चोकच्या पट्ट्यांचा पत्रा दणकट असेल तर त्या दोन साफ करून त्यात या ट्यूब वापरा, खुणा करा, आणि त्या ट्यूब गेल्या की तिथेही बॅटन लावा. मध्यंतरी लुकलुकणारी ट्यूब लावून ठेवू नका. आज संध्याकाळीच तिचा स्टार्टर काढून बंद ठेवा.

स्वतः करता येईल का, तर ट्यूब बदलणं तुमचं, पट्टीचं आणि बोर्डाचं वायरिंग लायसन असलेल्या वायरमनचं. तुम्ही शेजारी उभे राहा आणि वर सांगितलेली प्रत्येक तपासणी त्याच्याकडून करून घ्या.

काढलेल्या जुन्या ट्यूब उकिरड्यावर किंवा बांधावर फोडू नका. त्यांत थोडा पारा असतो आणि काच फुटली की त्याची वाफ निघते. एखादी फुटलीच तर शेडाचं दार उघडून पंधरा-वीस मिनिटं सगळे बाहेर थांबा, झाडू न मारता जाड कागदाने तुकडे उचला, ओल्या फडक्याने पुसून ते फडकंही तुकड्यांसोबत बंद डब्यात घाला. न फुटलेल्या ट्यूब खोक्यात उभ्या बांधून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तांब्याचा चोक मात्र भंगारवाला वजनावर आनंदाने घेईल.